पाद्री जोसेफ मोहर

नाताळचा सण म्हटला कीं रोषणाई, नवीं वस्त्रें व गोडधोड हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु ज्या वर्षीं घरांत धान्य नसतें, धंदा बसलेला असतो आणि उद्यांचा भरंवसा नसतो, त्या वर्षीं ख्रिस्ती मंडळीनें हा सण कसा पाळावा? या प्रश्नाचें उत्तर ऑस्ट्रिया देशांतील एका गरीब धर्मगुरूंच्या चरित्रांत सांपडतें.

जोसेफ मोहर यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १७९२ रोजीं साल्झबुर्ग शहरीं झाला. त्यांची आई विणकाम करून पोट भरीत असे. वडील शिपाई होते. ते मुलाच्या जन्मापूर्वींच पळून गेले. आईबापांचा विवाह झालेला नसल्यामुळें असल्या मुलास समाज हीन लेखी. बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता म्हणून नांव लागलें, तेंही गुन्हेगारांचा शिरच्छेद करणाऱ्या सरकारी नोकराचें! परंतु देवानें या मुलास गोड गळा दिला होता. तेथील मुख्य मंदिराच्या गायनाशीं संबंध असलेले पाद्री हिर्नले यांनीं तो गुण ओळखला आणि मुलाच्या शिक्षणाचा भार उचलला. पुढें १८१५ सालीं मोहर यांस रोमन कॅथलिक धर्मगुरूची दीक्षा मिळाली. मात्र त्यांच्या जन्माच्या कारणानें त्यासाठीं खास परवानगी काढावी लागली.

तो काळ मोठा कठीण होता. नेपोलियनच्या युद्धांनीं प्रजा नागवली गेली होती. साल्झबुर्गचें राज्य या हातांतून त्या हातांत जात होतें. त्यांतच १८१५ सालीं पूर्वेकडील बेटांत तांबोरा नांवाचा ज्वालामुखी भडकला. त्याची धूळ आकाशांत पसरून १८१६ सालीं युरोपांत उन्हाळा असा झालाच नाहीं. पिकें बुडालीं व धान्य महागलें. त्याच वर्षीं मारियाफार या डोंगराळ गांवीं मंडळीची सेवा करीत असतां मोहर यांनीं सहा कडव्यांची एक कविता लिहिली. तिचा विषय ख्रिस्तजन्माची शांत रात्र हा होता.

१८१७ सालीं त्यांची नेमणूक ओबर्नडॉर्फ येथें झाली. हें साल्झाख नदीकांठचें नावाड्यांचें गांव. नावांतून मिठाची वाहतूक करून तेथील लोक उदरनिर्वाह करीत. परंतु १८१६ सालीं ही नदीच दोन राज्यांमधील सरहद्द ठरली. पलीकडचें लाउफन शहर बव्हेरियाकडे गेलें. एकाच वस्तीचे दोन तुकडे झाले व नावाड्यांचा धंदा खालावला.

अशा मंडळीच्या नाताळच्या उपासनेसाठीं, ता. २४ डिसेंबर १८१८ रोजीं, मोहर यांनीं आपली कविता शेजारच्या आर्न्सडॉर्फ गांवचे शिक्षक फ्रान्झ झेवियर ग्रुबर यांच्या हातीं दिली व दोन आवाज आणि गिटार यांस साजेल अशी चाल लावण्याची विनंति केली. ग्रुबर यांनीं त्याच दिवशीं चाल बसविली. रात्रीं सेंट निकोलस मंदिरांत मोहर यांनीं गिटार वाजवीत वरच्या पट्टींत व ग्रुबर यांनीं खालच्या पट्टींत तें गीत गाइलें. उंदरांनीं ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, अशी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु ग्रुबर यांनीं स्वतः लिहून ठेवलेल्या हकीकतींत तिचा उल्लेख नाहीं. त्या गीतांत ख्रिस्त सर्व राष्ट्रांतील लोकांस भाऊ समजून पोटाशीं धरतो, असा भाव आहे. नदीच्या सरहद्दीनें दुभंगलेल्या लोकांस तो किती जिव्हाळ्याचा वाटला असेल!

मोहर तेथें फार दिवस राहिले नाहींत. अनेक गांवीं सेवा करून १८३७ सालीं ते वाग्राइन येथें गेले. तेथें त्यांनीं शाळेची इमारत उभारण्यास झटून साहाय्य केलें आणि गरिबांच्या मुलांस शिकतां यावें अशी तजवीज केली. आपणांस शिक्षण दुसऱ्याच्या दयेनें मिळालें, हें ते विसरले नव्हते. ता. ४ डिसेंबर १८४८ रोजीं फुप्फुसाच्या विकारानें त्यांचें देहावसान झालें. मागें धन असें कांहींच उरलें नाहीं.

गीत मात्र टिरोल प्रांतांतील गायक कुटुंबांनीं देशोदेशीं नेलें. १८५४ सालीं बर्लिनच्या राजदरबारांतून त्याच्या कर्त्याविषयीं विचारणा झाली, तेव्हां ग्रुबर यांनीं खरी हकीकत लिहून कळविली. पण मोहर यांस जाऊन सहा वर्षें झालीं होतीं. १९१४ सालच्या नाताळांत, महायुद्ध चालू असतां, कित्येक ठिकाणीं समोरासमोरच्या खंदकांतील शिपायांनीं हेंच गीत गाइलें. आज तें तीनशेंहून अधिक भाषांत गाइलें जातें.

बालमित्रहो, बेथलेहेमांतही त्या रात्रीं राजवाडा नव्हता, गव्हाणी होती. ओबर्नडॉर्फच्या मंडळीजवळही थोडेंच होतें. पण जें होतें तें तिनें देवापुढें ठेविलें. नाताळची थोरवी ताटांतील पक्वान्नांवर अवलंबून नसते. संकटाच्या काळीं एकमेकांचा हात धरून जी मंडळी गाते, तिच्याच घरीं ख्रिस्तजन्माचा आनंद खऱ्या अर्थानें उतरतो.