सुटलेला धागा : ॲनी अल्बर्स

राजकारणाने ज्यांना देशोधडीला लावले, अशा विसाव्या शतकातील कलावंतांत ॲनी अल्बर्स यांचे नाव महत्त्वाचे आहे. विणकर म्हणून त्या जगाला परिचित आहेत. पण उत्तर आयुष्यात त्यांनी केलेली अमूर्त मुद्राचित्रे पाहिल्यावाचून त्यांच्या जीवनाचा अर्थ पुरता उलगडत नाही.

त्यांचा जन्म १८९९ साली बर्लिनमध्ये एका सधन कुटुंबात झाला. घराणे वंशाने ज्यू, पण त्या वाढल्या प्रॉटेस्टंट रीतीने. १९२२ मध्ये त्या वायमार येथील बाउहाउस या कलाशाळेत दाखल झाल्या. समानतेचा पुरस्कार करणाऱ्या त्या संस्थेतही मुलींची रवानगी बहुधा विणकामाच्या कार्यशाळेत होई. अनिच्छेने पत्करलेला हा माग पुढे त्यांचे जीवनकार्य ठरला. तेथेच भेटलेले योसेफ अल्बर्स यांच्याशी १९२५ मध्ये त्यांचा विवाह झाला.

१९३३ मध्ये नाझी राजवटीच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले. ज्या धर्मात त्या वाढल्याच नव्हत्या, त्याचा शिक्का आता राजसत्ता त्यांच्यावर मारणार होती. त्याच वर्षी अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेजचे बोलावणे आले आणि पतिपत्नींनी मायदेश सोडला. १९४९ पर्यंत त्यांनी तेथे अध्यापन केले. दोघांनी मेक्सिकोचे अनेक प्रवास केले. प्राचीन पेरूच्या अनाम विणकरांना ॲनी आपले गुरू मानू लागल्या. जन्मभूमीने नाकारलेल्या या स्त्रीने आपले गोत्र असे दूरच्या काळात शोधले.

१९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात त्यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले. विणकाम करणाऱ्या कलावंताला तेथे मिळालेला हा पहिलाच मान. तरीही विणकाम म्हणजे कारागिरी आणि चित्र म्हणजे कला, हा भेद काही मिटला नाही.

१९६३ मध्ये योसेफ लॉस एंजेलिसच्या टॅमरिंड कार्यशाळेत शिळाछापाची चित्रे करण्यास गेले, तेव्हा ॲनी केवळ सोबत म्हणून गेल्या होत्या. कार्यशाळेच्या संस्थापक जून वेन यांनी त्यांनाही हात चालवून पाहण्यास सुचवले. पुढच्या वर्षी त्या स्वतः निमंत्रित कलावंत म्हणून तेथे गेल्या आणि ‘लाइन इन्व्हॉल्व्हमेंट्स’ ही शिळाछाप चित्रांची मालिका सिद्ध झाली.

या चित्रांत धाग्यासारखी एक रेषा वळणे घेत, स्वतःलाच वेढत, गाठीत शिरत जाते. तिची सुरुवात कोठे आणि शेवट कोठे, हे चटकन सापडत नाही. मागावरच्या धाग्याला अशी मोकळीक नसते. ताणा आधी ताणून बांधलेला असतो आणि बाण्याला त्यातूनच वाट काढावी लागते. दगडावर मात्र चौकट नाही, ताण नाही, आधारही नाही. चाळीस वर्षे मागावर राहिलेला धागा येथे सुटा झाला आहे. ज्या चौकटीत माणूस वाढला ती मोडल्यावर त्याने आपली वीण कशी सांभाळावी, हा निर्वासिताचा प्रश्न या रेषेत दिसतो. रेषा गुंतते, पण तुटत नाही.

हा अर्थ आपण लावलेला आहे, हे विसरता कामा नये. ॲनींच्या लेखनाचा भर स्वतःच्या दुःखावर नाही, तर सामग्री आणि रचना यांवर आहे. प्रत्येक गाठीत बोटीचा प्रवास शोधणे म्हणजे अमूर्त चित्राला जबरीने कथा सांगायला लावणे होय. तथापि १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्यू संग्रहालयाने नरसंहारात बळी पडलेल्या साठ लाख ज्यूंच्या स्मरणार्थ काम सोपवले, तेव्हा त्यांनी ‘सिक्स प्रेअर्स’ हे सहा विणलेले पट सिद्ध केले. त्यांतही मानवाकृती नाही. आहे ती मूक धाग्यांची लिपी. लादलेली ओळख त्यांनी येथे आपल्या भाषेत स्वीकारली, असे म्हणता येईल.

१९७० च्या सुमारास त्यांनी माग कायमचा सोडला आणि पुढे मुद्राचित्रणच केले. ९ मे १९९४ रोजी कनेटिकट राज्यात त्यांचे निधन झाले. देश, भाषा आणि अखेरीस माध्यमही बदलावे लागले, तरी धाग्याचा विचार त्यांनी सोडला नाही. माणसाची ओळख त्याच्या जन्मस्थळावर ठरते की हातच्या कामावर, या प्रश्नाला त्यांचे जीवन हे एक उत्तर आहे. अमूर्त चित्रापुढे ‘यात काय आहे?’ असे विचारून पुढे सरकणाऱ्या आपण विद्यार्थ्यांनी ते जरूर अभ्यासावे.