कर्नल साइक्स आणि नदीतले मासे

खुदरी, कोळस, शिंगाळा, नुक्ता. ही आपल्या नद्यांतील माशांची नावे. नुक्ता म्हटले की तुम्हांला अक्षरावरचा ठिपका आठवेल. इथे मात्र तो मासा आहे! ही नावे जगभरच्या शास्त्रीय ग्रंथांत गेली, ती एका इंग्रज सैनिकामुळे.

विल्यम हेन्री साइक्स यांचा जन्म 25 जानेवारी 1790 रोजी झाला. लहान वयातच ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत दाखल झाले. 1817 मध्ये खडकीच्या लढाईत ते पेशव्यांविरुद्ध लढले. पुढे 1824 मध्ये मुंबई सरकारने त्यांना दख्खनची माहिती गोळा करण्याचे काम दिले. गावे, माणसे, पिके यांची मोजदाद करता करता ते पक्षी आणि मासेही पाहू लागले.

माशांचे काम मोठे नाजूक. पाण्याबाहेर काढलेल्या माशाचा रंग लवकर उतरतो. स्पिरिटच्या बाटलीतही तो टिकत नाही. म्हणून चित्र हवे. 1831 मध्ये साइक्स मायदेशी परतले आणि 1841 मध्ये दख्खनच्या माशांवरील त्यांचा लेख लंडनमध्ये चित्रांसह छापला गेला. माशांना शास्त्रीय नावे देताना त्यांनी कितीतरी मराठी नावे तशीच ठेवली. हे त्यांचे मोठेपण मानले पाहिजे. त्यांतला शिंगाळा गोदावरीच्या पाण्यातही असतो, आणि कळमन्याजवळच्या कन्हान नदीचे पाणी शेवटी गोदावरीलाच मिळते.

साइक्स पुढे कंपनीचे संचालक झाले, ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेले आणि 16 जून 1872 रोजी वारले.

त्यांच्या कित्येक माशांचे मूळ नमुने आज उरलेले नाहीत. उरली ती चित्रे आणि वर्णने. मग मासा ओळखायचा कसा? चित्रातला तोंडाचा आकार पाहायचा, मिशा आणि खवले मोजायचे, आणि नदीतला ताजा मासा शेजारी ठेवायचा. मुसुल्ला नावाच्या माशाला अनेक अभ्यासक बरीच वर्षे महसीर समजत होते. महसीर तर नद्यांतून कमी होत चाललेला. खरा महसीर कोणता हेच कळले नाही, तर वाचवायचे कोणाला? 2013 मध्ये शास्त्रज्ञांनी साइक्स यांचे काम पुन्हा तपासले. मुसुल्ला महसीरच्या गटातला नाही, असे त्यांनी दाखवून दिले. त्याचा गट बदलला, पण मुसुल्ला हे नाव तेच राहिले.