पिन नंबर ४, एक खेळण्यातला रोबो आणि गुनपेई योकोई

आज थोडी वेगळी गोष्ट सांगतो. सुरुवात एका लुकलुकणाऱ्या स्क्रीनपासून होते.

माझ्या आत्येभावाने अमेरिकेहून येताना एक जुना निन्टेन्डो एनईएस कन्सोल आणला. तिकडचं अ‍ॅडॉप्टर १२० व्होल्टचं असतं, आपल्याकडे २३० व्होल्ट येतात. म्हणून आधी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेतला. तुम्हीही हे विसरू नका, नाहीतर धूर निघेल. माझ्याकडे एक जपानी कॅसेट होती, बेसबॉलची. जपानी कॅसेटला ६० पिना असतात आणि अमेरिकन कन्सोलला ७२ लागतात, म्हणून कन्व्हर्टर लावला. बटण दाबलं, तर लाइट लुकलुकायला लागला आणि स्क्रीन सेकंदाला एकदा चालू-बंद, चालू-बंद.

कन्सोल बिघडला नव्हता. तो मला अडवत होता. एनईएसच्या आत एक छोटी लॉक चिप असते आणि अमेरिकन कॅसेटमध्ये तिची जोडीदार चिप. दोघी एकच प्रोग्रॅम एकाच तालात चालवतात. ताल जुळला नाही, किंवा समोर चिपच नसली, तर कन्सोलमधली चिप मशीन सारखी रीसेट करत राहते. जपानी कॅसेटमध्ये अशी चिप नसतेच. यावर जगभरातले हौशी लोक एक उपाय करतात: कन्सोलमधल्या चिपची ४ नंबरची पिन तोडायची. ही पिन चिपला सांगते की तू कुलूप आहेस. ती तुटली की चिप स्वतःला किल्ली समजते आणि रीसेट करणं सोडून देते.

कटर हातात घेतला होता, पण जिवावर येत होतं. जवळजवळ माझ्या काकाच्या वयाचं मशीन. म्हणून न तोडता काही करता येतं का ते शोधलं आणि एक गंमत सापडली. १९८५ साली अमेरिकेत 'जायरोमाइट' नावाचा गेम आला. त्याच्या सुरुवातीच्या काही कॅसेट उघडल्या तर आत चक्क जपानी बोर्ड निघतो आणि त्याला लावलेला ६० ते ७२ पिनांचा कन्व्हर्टर, तोसुद्धा लॉक चिपसकट! तो काढला की जपानी गेम बिनबोभाट चालतात. 'जायरोमाइट' हा रॉब नावाच्या खेळण्यातल्या रोबोसोबत खेळायचा गेम होता. तो रोबो कुणी बनवला हे बघायला गेलो आणि गुनपेई योकोई या माणसापाशी पोचलो. मग दोन-तीन रात्री कन्सोल तसाच उघडा पडून राहिला.

मशीन दुरुस्त करणारा पोरगा

योकोईंचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, जपानमधल्या क्योटो शहरातला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि १९६५ मध्ये गावातल्याच निन्टेन्डो कंपनीत लागले. तेव्हा निन्टेन्डो व्हिडिओ गेम बनवत नव्हती. ती पत्ते छापायची, फुलांची चित्रं असलेले जपानी हानाफुदा पत्ते. योकोईंचं काम काय, तर पत्त्यांची मशीनं चालू ठेवायची. थोडक्यात, मेंटेनन्सवाला.

मशीनं नीट चालत असली की मेंटेनन्सवाल्याला काम नसतं. अशा रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणं केलं, कात्रीसारखं उघडून लांब जाणारा हात, पुढे पकडायला चिमटा. १९६६ मध्ये कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाऊची कारखान्यात फिरताना नेमकं ते दिसलं. योकोईंना बोलावणं आलं. त्यांना वाटलं, आता काही खरं नाही. यामाऊचींनी मात्र ते खेळणं बाजारात आणायचं ठरवलं. 'अल्ट्रा हँड' या नावाने ते १० लाखांच्या वर खपलं आणि योकोई मेंटेनन्समधून उठून खेळणी बनवायच्या खुर्चीवर बसले.

पुढे सोलर सेल वापरून त्यांनी प्रकाशाने नेम धरायची बंदूक केली. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्ही गेमसोबत प्लास्टिकची बंदूक यायची आणि तिने आपण बदकं मारायचो, आठवतं? तुमच्या दादा-ताईला विचारा. त्या 'डक हंट' गेमचे निर्माते योकोईच.

ट्रेनमधला माणूस आणि कॅल्क्युलेटर

एकदा बुलेट ट्रेनने जाताना त्यांना एक ऑफिसला जाणारा माणूस दिसला. वेळ जात नव्हता म्हणून तो कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. आज लोकलमध्ये आपण फोनवर अंगठा फिरवत बसतो तसंच. योकोईंच्या डोक्यात आलं, मोठ्या माणसांनाही हातात लपवून खेळता येईल असं काहीतरी हवं. पुढे एकदा अध्यक्षांची गाडी चालवायची वेळ आली तेव्हा वाटेत त्यांनी ही कल्पना सांगून टाकली.

१९८० मध्ये 'गेम अँड वॉच' आला. कॅल्क्युलेटरचाच स्वस्त एलसीडी स्क्रीन, त्यावर एकच गेम आणि वर घड्याळ. ही मालिका ४ कोटींच्या वर खपली. १९८२ च्या 'डाँकी काँग' मॉडेलला एवढ्याशा जागेत चार दिशांची बटणं बसवायची होती, म्हणून योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराचं एकच बटण केलं. तोच आपला डी-पॅड. तुम्ही फोनवर एखादा जुना गेम खेळता तेव्हा स्क्रीनच्या डाव्या कोपऱ्यात ते अधिकचं चिन्ह दिसतं ना? तेच ते.

इथे त्यांच्या कामाचं सूत्र सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यात नवीन, महाग तंत्रज्ञानाच्या मागे लागू नका. जे जुनं झालंय, स्वस्त झालंय, ज्याचे दोष सगळ्यांना माहीत झालेत, ते घ्या आणि कुणी वापरलं नसेल अशा ठिकाणी वापरा. दरवर्षी फोनची नवी चिप मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना हे जरा उलटंच वाटतं.

हिरवट स्क्रीनचा गेम बॉय

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय विक्रीला आला. १६० बाय १४४ पिक्सेलचा स्क्रीन, रंग नाहीत, हिरवट करड्या चार छटा, मागून लाइटही नाही. प्रतिस्पर्धी अटारी लिंक्स आणि सेगा गेम गियर रंगीत होते, झगमगीत होते. पण त्यांना ६ सेल लागायचे आणि गेम गियर ३ ते ५ तासांत संपायचा. गेम बॉय ४ सेलवर १५ तासांच्या आसपास चालायचा. मुलांच्या पॉकेटमनीतून सेल कोण आणणार, हा हिशेब योकोईंच्या टीमने बरोबर केला. गेम बॉय आणि त्याचं पुढचं रंगीत मॉडेल मिळून जवळजवळ १२ कोटी नग विकले गेले.

आणि माझ्या विषयाशी जोडलेली गोष्ट: गेम बॉयला देशाचं कुलूपच नाही. चालू करताना तो कॅसेटमध्ये निन्टेन्डोचा लोगो आहे का, हे तपासतो. कॅसेट जपानची की अमेरिकेची, हे विचारत नाही. स्क्रीन स्वतःचाच, त्यामुळे कुठल्या देशाचा टीव्ही ५० हर्ट्झचा आणि कुठला ६० चा, ही भानगडही नाही.

लाल रंगाचा फटका

१९९५ मध्ये योकोईंचा 'व्हर्च्युअल बॉय' आला. डोळे लावून आत बघायचं, खोली असल्याचा भास देणारं मशीन. इथेही स्वस्त लाल एलईडी वापरले, म्हणून सगळं लाल-काळं दिसायचं. हातात धरता येत नव्हतं, टेबलावर ठेवून मान वाकवून खेळायचं. डोळे दुखतात अशा तक्रारी आल्या. एकूण गेम आले २२, मशीनं ८ लाखसुद्धा खपली नाहीत आणि वर्षभरात ते बंद झालं. जुनं तंत्रज्ञान वापरायचं हे सूत्र तेच होतं, पण यावेळी बॅटरी वाचली तरी खेळणाऱ्याची मान आणि डोळे वाचले नाहीत. मला त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात जास्त शिकवून गेला. एकच सूत्र एकदा तारतं, एकदा बुडवतं. फरक पडतो तो समोरच्या माणसाला काय सोसावं लागतं याने.

या अपयशामुळेच त्यांनी कंपनी सोडली असं बऱ्याच ठिकाणी सांगतात. पण पन्नाशी उलटली की स्वतःचं काहीतरी करायचं, हे त्यांच्या मनात आधीपासून होतं. जाण्यापूर्वी त्यांनी लहान आणि हलका 'गेम बॉय पॉकेट' पूर्ण केला. १५ ऑगस्ट १९९६ ला, ३१ वर्षांनी, ते निन्टेन्डोतून बाहेर पडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत गेम बॉयवर पोकेमॉन आला होता आणि त्यांचं सात वर्षं जुनं मशीन पुन्हा धावायला लागलं होतं.

बाहेर पडून त्यांनी 'कोतो' ही छोटी कंपनी काढली आणि बंदाईसाठी नव्या हातातल्या गेमवर काम सुरू केलं. ४ ऑक्टोबर १९९७ ला इशिकावा भागातल्या हायवेवर ते प्रवास करत असलेल्या गाडीचा छोटासा अपघात झाला. काय झालं बघायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय ५६.

ते मशीन, 'वंडरस्वान', मार्च १९९९ मध्ये आलं. योकोईंना ते दुकानात बघायला मिळालं नाही. ते चालायचं फक्त एका सेलवर. त्यावरच्या एका कोडं सोडवायच्या गेमला त्यांचंच नाव दिलं गेलं, 'गुनपे'.

मग माझ्या पिनचं काय?

'जायरोमाइट'ची तशी कॅसेट मला मिळाली नाही. शेवटी मी पिन तोडली नाही, सोल्डर वितळवून सुईने हळूच वर उचलली, म्हणजे उद्या कुणाला परत बसवायची असेल तर बसवता येईल. बेसबॉलचा गेम चालला. लुकलुक बंद.

तुम्ही करणार असाल तर दोन गोष्टी: आधी प्लग काढा, आणि पिना मोजताना चिपवरची खाच बघून मोजा, उलट्या बाजूने मोजलंत तर भलतीच पिन उचलाल. आणि नवीन असाल, तर आधी एक जुना गेम बॉय मिळवा. जपानी कॅसेट टाका. एकही स्क्रू खोलावा लागणार नाही.