ताजमधला आर्मस्ट्राँग, स्टुडिओतला ‘सहायक’

‘अलबेला’ हा १९५१चा चित्रपट भगवानदादांच्या नाचासाठी आणि सी. रामचंद्रांच्या संगीतासाठी ओळखला जातो. त्यातल्या नाचगाण्यांत पडद्यावर ट्रम्पेट फुंकणारा जो गोवेकर कलावंत आपल्या साथीदारांसह दिसतो, त्याचे नाव मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. तो होता चिक चॉकलेट. दक्षिण मुंबईच्या उच्चभ्रू हॉटेलांत या नावाचा दबदबा होता. हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून ते ओळखले जात.

त्यांचे मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६चा, बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावातला. पोर्तुगीज अमलाखालच्या गोव्यात चर्चला जोडलेल्या पाठशाळांतून मुलांना स्वरलिपी आणि वाद्यवादन शिकवले जाई. चर्चमधल्या प्रार्थनासंगीतासाठी दिलेले हे शिक्षण पुढे गोवेकरांच्या अनेक पिढ्यांना पोटापाण्याचे साधन ठरले. गावात रोजगार नव्हता, पण कागदावरचे संगीत वाचता येत होते. त्या बळावर ही मंडळी मुंबई, कलकत्ता, रंगून अशी दूरवर पसरली. वाझही त्यांपैकीच एक.

मुंबईत तेव्हा जॅझचे वारे वाहत होते. १९३५मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजवून गेला. त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ, टेडी वेदरफर्ड असे कलावंत आले. स्वदेशात वर्णद्वेष सोसणाऱ्या या वादकांना इथे मानाचे स्थान मिळाले आणि गोवेकर तरुणांना गुरू मिळाले. स्वरलिपीत बसवलेले संगीत हुबेहूब वाजवणे गोवेकरांना जमत होतेच. त्या चौकटीबाहेर पडून आयत्या वेळी स्वर फुलवण्याची कला त्यांनी या पाहुण्यांकडून घेतली. चिक यांनी तर आर्मस्ट्राँग यांची खरखरीत गायकी आणि घाम टिपण्याची पांढऱ्या रुमालाची लकबही उचलली. चाळिशीच्या दशकात ताज आणि त्याच्या शेजारचे ग्रीन्स हॉटेल त्यांच्या वाद्यवृंदाने गाजवले.

पण काळ बदलत होता. १९४७नंतर गोऱ्या साहेबांची वर्दळ ओसरली. १९४९च्या कायद्याने मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि रात्रीच्या मैफलींचा रंग फिका पडला. त्याच सुमारास चित्रपटसृष्टीला मोठ्या वाद्यवृंदांची गरज भासू लागली होती. दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात, असा अनेक गोवेकर वादकांचा दिनक्रम झाला.

इथे चिक यांची गाठ पडली पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांशी, म्हणजेच सी. रामचंद्रांशी. शास्त्रीय संगीताचे संस्कार झालेल्या चितळकरांना पाश्चात्त्य तालांचे विलक्षण आकर्षण होते. चाल त्यांची, तिला ट्रम्पेट, क्लॅरिनेट, बोंगो यांची जोड देऊन वादकांच्या हाती स्वरलिपी ठेवण्याच्या कामात चिक यांचा वाटा मोठा. ‘समाधी’ (१९५०) आणि ‘अलबेला’ यांतील ठेका मुंबईच्या गल्ल्यांत घुमला, आणि वरातीच्या बँडवाल्यांनी अशा चाली शहापूर-मुरबाडसारख्या ग्रामीण भागांपर्यंत नेल्या. ताजची पायरी ज्यांनी कधी चढली नव्हती, त्यांच्याही कानी अशा रीतीने जॅझ पडला. त्याला जॅझ म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितले नाही एवढेच.

चिक हे केवळ नाचगाण्यांचे कारागीर होते, असा समज मात्र चुकीचा ठरेल. १९५१च्याच ‘नादान’ या चित्रपटाचे संगीत त्यांचे स्वतःचे. त्यातले तलत महमूद यांनी गायिलेले हळुवार गीत ऐकताना त्याचा कर्ता ताजमधला ट्रम्पेटवादक आहे, यावर विश्वास बसत नाही. तरीही स्वतंत्र संगीतकार म्हणून त्यांचा जम बसला नाही. सहायक हीच ओळख चिकटली. आणि सहायकाची स्वरलिपी ध्वनिमुद्रण संपले की रद्दीत जाई. ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावर गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे येत; संयोजकाचे आणि वादकांचे नाव क्वचितच.

१९६६च्या ‘आखरी खत’मध्ये खय्याम यांच्या संगीतात ते पुन्हा पडद्यावर दिसले. गात होता तरुण भूपिंदर, आणि सोबत होता चिक यांचा ट्रम्पेट. पुढच्याच वर्षी, १९६७मध्ये, वयाच्या जेमतेम एक्कावन्नाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पिढीच्या कामाची दखल फार उशिरा, अभ्यासकांनी घेतली. तोवर बहुतेक वादक काळाच्या पडद्याआड गेले होते. गणपतीच्या मिरवणुकीत आजही ‘अलबेला’ची एखादी चाल वाजते, तेव्हा पावले आपसूक थिरकतात. त्या ठेक्याचे अर्धे श्रेय हळदोण्याच्या वाझांच्या पदरात टाकायला हवे.