शेतकऱ्यांचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक

राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ सर्वांना माहीत आहे. राज्यात अशी चार कृषी विद्यापीठे आहेत. ती ज्यांच्या कारकिर्दीत उभी राहिली, ते मुख्यमंत्री म्हणजे वसंतराव नाईक.

वसंतरावांचा जन्म १ जुलै १९१३ रोजी यवतमाळ जिल्ह्यातील गहुली या गावी झाला. त्यांचे वडील फुलसिंग नाईक हे बंजारा तांड्याचे प्रमुख होते. त्या काळी तांड्यातील मुलांना शिक्षण मिळणे फार कठीण होते. तरीही वसंतराव जिद्दीने शिकले. १९४० साली ते वकील झाले. पुसद येथे वकिली करताना त्यांना गरीब शेतकऱ्यांची दुःखे जवळून पाहायला मिळाली. १९४१ साली त्यांनी वत्सलाबाई घाटे यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. दोन्ही समाजांतून विरोध झाला, पण ते डगमगले नाहीत.

१९४६ साली ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. १९५२ साली ते आमदार म्हणून निवडून आले. पुढे त्यांनी सहकार, कृषी आणि महसूल ही खाती सांभाळली. महसूलमंत्री असताना ते पंचायत राज्यासंबंधीच्या समितीचे अध्यक्ष होते. या समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून राज्यात जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या. गावचा कारभार गावकऱ्यांच्या हाती आला.

५ डिसेंबर १९६३ रोजी वसंतराव मुख्यमंत्री झाले. ते या पदावर सलग ११ वर्षांहून अधिक काळ होते. तेव्हा राज्यात धान्याचा तुटवडा होता. परदेशातून आलेल्या धान्यावर लोकांना गुजराण करावी लागे. म्हणून त्यांनी संकरित बियाणे, खते आणि विहिरींचा प्रसार केला. नवे ज्ञान शेतापर्यंत पोहोचावे यासाठी १९६८ साली पहिले कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पुढे राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथे चार स्वतंत्र विद्यापीठे झाली.

१९७२ साली भयंकर दुष्काळ पडला. विहिरी आटल्या. जनावरांना चारा मिळेना. लोकांना नुसते धान्य वाटावे की काम द्यावे, असा प्रश्न होता. सरकारने काम देण्याचे ठरवले. रस्ते, तलाव, नालाबांध अशी कामे निघाली. सुमारे ५० लाख लोक या कामांवर होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना आली. तिच्यासाठी शहरातील नोकरदारांकडून व्यवसाय कर घेण्यात आला. म्हणजे शहराच्या पैशातून खेड्यातील मजुराची चूल पेटली. २००५ साली असाच कायदा साऱ्या देशासाठी झाला.

फेब्रुवारी १९७५ मध्ये वसंतरावांनी मुख्यमंत्रिपद सोडले. १९७७ साली ते लोकसभेवर निवडून गेले. १८ ऑगस्ट १९७९ रोजी सिंगापूर येथे त्यांचे निधन झाले.

त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कृषी दिन म्हणून साजरा होतो. भुकेल्याला एक वेळ जेवू घालणे हे पुण्याचे काम आहेच. पण त्याच्या हाताला काम आणि शेताला पाणी देणे हे त्याहून मोठे काम आहे, हेच त्यांच्या जीवनावरून आपल्याला कळते.