विश्लेषण : मेहरबाई टाटांचा जीव घेणाऱ्या आजारावर मूळपेशी प्रत्यारोपण कसे काम करते?

बारामती किंवा इंदापुरात एखाद्याच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी भलत्याच वाढलेल्या दिसल्या आणि पुढे ल्युकेमियाचे, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, की घरात मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे नाव निघते. ज्या लेडी मेहरबाई टाटा यांच्या मृत्यूनंतर या रुग्णालयाची कल्पना पुढे आली, त्यांना हाच आजार झाला होता.

मेहरबाई कोण होत्या?

मेहरबाईंचा जन्म १८७९ मध्ये मुंबईतील भाभा कुटुंबात झाला. अणुशास्त्रज्ञ होमी भाभा हे त्यांचे भाचे. १८९८ मध्ये जमशेटजी टाटांचे थोरले पुत्र दोराबजी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्या उत्तम टेनिस खेळत. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये त्या मिश्र दुहेरीत साडी नेसून उतरल्या. स्त्रीशिक्षण आणि बालविवाहबंदीसाठीही त्या झटल्या.

दोराबजींनी त्यांना २४५ कॅरेटचा ‘ज्युबिली’ हिरा घेऊन दिला होता. तो कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ मध्ये टाटांचा पोलाद कारखाना अडचणीत आला, तेव्हा कर्जासाठी हा हिराही बँकेकडे तारण ठेवण्यात आला.

१९३१ मध्ये काय घडले?

मेहरबाईंना ल्युकेमिया झाला. त्या काळी हा आजार बरा करणारे औषध जगात कुठेच नव्हते. पैसा होता, परदेशातले डॉक्टर होते, तरी १८ जून १९३१ रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले. दोराबजींनी पत्नीच्या नावाने रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी न्यास स्थापला. वर्षभरातच, जून १९३२ मध्ये, तेही गेले. पुढे हिरा विकून आलेला पैसा सर दोराबजी टाटा न्यासाकडे आला. याच न्यासाने परळला टाटा स्मारक रुग्णालय उभारले. ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. मेहरबाईंच्या मृत्यूनंतर अर्ध्या शतकाने, १९८३ मध्ये, तिथेच अस्थिमज्जा प्रत्यारोपण यशस्वी झाले.

प्रत्यारोपणात नेमके काय होते?

रक्त हाडांच्या पोकळीतील मज्जेत तयार होते. तिथल्या मूळपेशी रक्तपेशी बनवतात आणि स्वतःसारख्या नव्या मूळपेशीही. ऊस तोडला तरी बुडखा जिवंत असला की खोडवा फुटतो, तसेच हे आहे. ल्युकेमियात हे बियाणेच बिघडते. म्हणून आधी तीव्र केमोथेरपीने, काही वेळा किरणोत्सारानेही, जुनी मज्जा साफ केली जाते. मग दात्याच्या मूळपेशी रक्ताच्या बाटलीप्रमाणे शिरेतून दिल्या जातात. शस्त्रक्रिया लागत नाही. रक्तातून फिरत या पेशी आपणहून मज्जेत जाऊन रुजतात.

नवे रक्त कधी तयार होते?

पहिले दोन ते चार आठवडे सर्वांत धोक्याचे. शरीरात पांढऱ्या पेशी जवळजवळ नसतात, साधा संसर्गही जिवावर बेतू शकतो. मग पांढऱ्या पेशी दिसू लागतात, साधारण त्यांच्या मागोमाग प्लेटलेट आणि तांबड्या पेशी वाढतात. तोवर बाहेरून रक्त द्यावे लागते.

सुरुवातीचे रक्त मुख्यतः अल्पायुषी पेशींतून येते. खऱ्या मूळपेशी हळूहळू सूत्रे हाती घेतात आणि पुढे वर्षानुवर्षे रक्त पुरवतात. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. त्यामुळे दात्याचा रक्तगट वेगळा असेल, तर काही महिन्यांत रुग्णाचा रक्तगटच बदलतो.

प्रतिकारशक्ती मात्र सावकाश येते. तिला एक-दोन वर्षे, कधी अधिक काळ लागतो. लहानपणीच्या लसींची आठवण पुसली गेल्याने त्या पुन्हा घ्याव्या लागतात. या काळात शेतातील धूळ, शेणखत, कुजलेले पाचट यांतील बुरशीपासून दूर राहणे गरजेचे असते. गावी परतलेल्या रुग्णाने हे विशेष सांभाळावे.

धोका कोणता?

नव्या रक्तातील पेशी रुग्णाच्या त्वचेला, यकृताला, आतड्यांना परके समजून हल्ला करू शकतात. त्याच पेशी उरलेला कर्करोगही मारतात. म्हणून ही प्रतिक्रिया पूर्ण दाबून टाकणे हिताचे नसते, डॉक्टरांना औषधांचा तोल राखावा लागतो. प्रत्यारोपणानंतरही आजार उलटू शकतो. प्रत्येक ल्युकेमियात प्रत्यारोपण लागतेच असेही नाही. अनेक प्रकार औषधांनी आटोक्यात येतात.

दाता कोण होऊ शकतो?

सख्ख्या भावा-बहिणीशी एचएलए पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आई-वडील किंवा मुले अर्धे जुळतात आणि आता त्यांच्याही पेशी वापरता येतात. नोंदणीसाठी गालाच्या आतून घेतलेला स्वॅब पुरतो. दान केलेल्या मूळपेशी दात्याच्या शरीरात काही आठवड्यांत पुन्हा भरून येतात.