कप्तान प्रेम माथूर

बेगमपेठचा विमानतळ आपल्या सिकंदराबादच्या अगदी वेशीवर आहे. प्रवासी विमाने २००८ साली शमशाबादला गेली आणि तेथील वर्दळ ओसरली. परंतु एके काळी येथे डेक्कन एअरवेज नावाच्या कंपनीचे ठाणे होते. निजाम सरकार व टाटा यांनी मिळून १९४५ साली ती स्थापन केली होती. इतरत्र नाकारलेली एक नोकरी याच कंपनीने प्रेम माथूर यांना दिली.

प्रेम माथूर यांनी विमानविद्येचे धडे घेतले ते अलाहाबादेस. तेथे विमान शिकविणारे कॅप्टन अटल हे त्यांच्या बंधूंचे स्नेही. पहिल्याच फेरीत अटलांनी विमानास आकाशात कोलांट्या घ्यावयास लावल्या, तरी शेजारी बसलेल्या प्रेम मुळीच डगमगल्या नाहीत, अशी हकिकत सांगतात. तेथून त्यांचे शिक्षण सुरू झाले आणि १९४७ साली त्यांना व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळाला.

हा परवाना म्हणजे काय, हे नीट ध्यानात घ्यावयास हवे. उर्मिला पारिख व सरला ठकराल यांनी त्यापूर्वीच, १९३२ व १९३६ साली, विमान चालविण्याचे परवाने मिळविले होते. परंतु त्या परवान्यांवर हौसेने उडता येई, वेतन घेऊन उतारू नेता येत नसत. सरलाबाईंनी पुढल्या परवान्याची तयारी आरंभिली होती. पतीचे अपघाती निधन व महायुद्ध यांमुळे ती अर्धवटच राहिली. प्रेम माथूर यांनी मात्र ती पायरी ओलांडली.

समयही अनुकूल दिसत होता. युद्ध संपल्यावर अमेरिकन सैन्याची डकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली आणि देशात नव्या विमानकंपन्या भराभर निघाल्या. वैमानिक सर्वांनाच हवे होते. तरीही आठ कंपन्यांनी त्यांना नकार दिला. स्त्री विमान चालवीत आहे असे कळल्यास उतारू भयभीत होतील, हे त्याचे कारण! विमान कोण चालवीत आहे हे बंद दारामागे उतारूंना दिसत तरी कोठे होते? वास्तविक भय कंपन्यांच्या चालकांच्याच मनात असावे.

अखेर हैद्राबादेत मुलाखतीस त्या आल्या, तेव्हा पुरुष सहकाऱ्यांबरोबर रात्री-अपरात्री उड्डाण करावे लागेल, त्याची तयारी आहे काय, अशी पृच्छा झाली. त्यांनी निःसंकोच होकार दिला आणि त्या उपवैमानिक झाल्या.

दोन एंजिनांच्या डकोटात मुख्य वैमानिक डाव्या आसनावर बसतो, उपवैमानिक उजव्या. उड्डाणाच्या तासांची नोंद वहीत होत राहते, आणि पुरेसा अनुभव व आवश्यक परीक्षा झाल्यावर डावे आसन मिळण्याची आशा धरता येते. परंतु तासांच्या जोडीला कंपनीची इच्छाही लागते, आणि येथेच त्यांची वाट अडली. विमानाचे पूर्ण आधिपत्य त्यांच्या हाती सोपविण्यास डेक्कन एअरवेज अखेरपर्यंत राजी झाली नाही. ज्या संस्थेने इतरांहून अधिक धैर्य दाखविले, तिचे धैर्य उजव्या आसनापाशी संपावे, याचे मला आजही वैषम्य वाटते.

त्यांनी रडतखडत दिवस काढले नाहीत. हैद्राबाद सोडून त्या दिल्लीस गेल्या आणि उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांचे खासगी विमान चालवू लागल्या. १९४९ साली राष्ट्रीय विमानशर्यतही त्यांनी जिंकली. शर्यतीत डाव्या-उजव्या आसनाचा तंटा नसतो; घड्याळ सांगेल तेच खरे.

१ ऑगस्ट १९५३ रोजी डेक्कन एअरवेज अन्य सात कंपन्यांसह इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन झाली. त्याच इंडियन एअरलाइन्सचे एक फॉकर विमान १९८५ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याहून सिलचरला गेले, तेव्हा कॅप्टन सौदामिनी देशमुख मुख्य वैमानिक होत्या आणि निवेदिता भसीन उपवैमानिक. प्रेम माथूर तेव्हा हयात होत्या. १९९२ साली त्या निवर्तल्या.